मावशींचा जिउ-जित्सूचा महिना

इस्पितळातल्या मावशी एक्कावन्नाव्या वर्षी ब्राझिलियन जिउ-जित्सू नावाची परदेशी कुस्ती शिकायला गेल्या, तेव्हा महिनाभरात निदान एका पुरुषाला उचलून आपटायचं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. कारण साधं होतं. एका पेशंटच्या मुलाने हात पिरगाळून त्यांना भिंतीवर ढकललं होतं आणि तेव्हापासून वॉर्डात शिरण्याआधी त्या दारातच थबकायच्या. तक्रार तोंडी सांगितली, तर मेट्रनबाईंनी समजूतदारपणाचा सल्ला दिला आणि धुलाई विभागात बदलीचा अर्ज पुढे सरकवला. तेवीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईच्या ते जिव्हारी लागलं. सहीसाठी त्यांनी महिन्याची मुदत मागून घेतली आणि भाचीने त्यांचं नाव क्लासात घातलं.

क्लासात आपटण्याचं नाव नाही. पहिला आठवडा पडायला शिकण्यात गेला, दुसरा या कुशीवरून त्या कुशीवर सरकण्यात. हे तर आपण पेशंटकडून रोज करून घेतो, असं मावशींच्या मनात आलं. मग जोड्या लागल्या. अंगावर परक्या माणसाचं धूड, नाकात त्याचा घाम, कानाचा पार चुरा. अशा वेळी नवशिक्याने फक्त शांतपणे श्वास घ्यायचा, असं सर म्हणाले. तो घ्यायला जागा कुठून आणायची, ते काही बोलले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात एका बँकेतल्या कारकुनाची मान मावशींच्या काखेत सापडली. त्याने त्यांच्या दंडावर दोनदा थोपटलं. हरलो, सोडा, असा त्याचा अर्थ, हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण वॉर्डात उचलून घेतलेला पेशंट असा थोपटतो, तेव्हा तो घसरत असतो. मावशींच्या हातांनी जुनंच ऐकलं. त्यांनी पकड आणखी आवळली आणि मायेने म्हणाल्या, "घाबरू नका, धरलंय मी."

सरांनी धावत येऊन सोडवलं, तोवर कारकून जांभळा पडला होता. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी त्याला पाणी पाजलं, नाडीही बघितली.

"आणि तुम्ही स्वतः एकदाही थोपटत नाही, मावशी," सर म्हणाले. "इथे सोसल्याचं बक्षीस नसतं."

पुढच्या वेळी कारकुनाने त्यांचा हात मुडपला. सवयीने मावशींनी दात आवळले. मग लाजत, चोरून मागितल्यासारखं दोनदा थोपटलं. त्याने तत्क्षणी हात सोडला. त्या उठून बसल्या आणि पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा सोडला. चौथ्या खेपेला कारकून कंटाळला होता आणि मावशी बाहीला डोळे पुसत होत्या. त्यांना फार बरं वाटत होतं आणि फार रागही येत होता.

मुदत संपली त्या दिवशी मेट्रनबाईंनी कौतुकाने विचारलं, की किती जणांना लोळवलं. एकालाही नाही, मावशी म्हणाल्या. अजून कुणीही यावं आणि मला चपटं करून जावं. मग त्यांनी बदलीचा अर्ज उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर त्या पेशंटच्या मुलाविरुद्ध तक्रार लिहायला घेतली.

महिना उलटून गेल्यावर आता हे कशाला उकरायचं, असं मेट्रनबाईंना वाटलं. झटापटीत हात लागतो कधीकधी, त्याला कळलंही नसेल.

"मी त्याला 'सोडा' म्हणाले होते," मावशी म्हणाल्या. "दोनदा."