पोचे शोधायचं यंत्र

आधी क्षमा मागतो. आमच्या घरात आजवर लिहिणं म्हणजे फॉर्मवर सही करणं; वडील ती अजूनही श्वास रोखून करतात. अशा घरातल्या मुलाने आठवणी लिहाव्यात हा आगाऊपणाच. पण कॉलेजात गेलेला घरातला पहिला मीच, तेव्हा माझ्या आगाऊपणाची घराला सवय आहे.

शेवटच्या वर्षी डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी सहा महिने शिकाऊ होतो. तिथे मोटरसायकलच्या पेट्रोल टाक्या रंगवत. माझा प्रकल्प साधा होता. पडद्यावर काळे-पांढरे पट्टे दाखवायचे, ते चकचकीत टाकीत उमटतात, कॅमेरा त्याचा फोटो घेतो. टाकीच्या गोलाईप्रमाणे पट्टे वाकले तर माल चांगला; मध्येच एखादा लचकला तर तिथे पोचा. प्रकल्प मोठ्या साहेबांना पटला तर नोकरी पक्की, असं मला सांगितलं होतं. वडिलांनी ते सगळ्या पार्से गावाला सांगितलं. मला मात्र विचारलं, "टाकयेत तोंड बघूक पगार देतत?"

टाक्या तपासायला साखळी गावाहून एक काकी यायची, माहेर सावंतवाडीकडचं. ती टाकी छतावरच्या ट्यूबलाइटखाली हळूच फिरवायची. उमटलेली रेघ जिथे मोडली, तिथे खडूने गोल. झालं काम. हेच मी लॅपटॉप, कॅमेरा आणि तिच्या चौपट वेळ लावून करत होतो. अहवालात मी तिच्यावर एक पूर्ण प्रकरण लिहिलं, 'पारंपरिक पद्धतीच्या मर्यादा'. मार्गदर्शक सरांना ते फारच आवडलं.

साहेब पुण्याहून आले त्या दिवशी मी आईने म्हापशातून आणलेला नवा शर्ट घातला होता, उभ्या पांढऱ्या-निळ्या रेघांचा. यंत्राभोवती काळा पडदा असतो, पण साहेबांना नीट दिसावं म्हणून मी तो बाजूला सारला आणि टाकीजवळ नम्रपणे उभा राहिलो.

पहिली टाकी खराब. दुसरी खराब. दहाही खराब.

"शंभर टक्के माल वाया?" साहेब म्हणाले. "मग आपण इतकी वर्षं विकतोय काय?"

मी कॅमेऱ्याची काच पुसली. लॅपटॉप बंद करून चालू केला. प्रकाशाच्या परावर्तनाबद्दल दोन वाक्यं बोललो, ती कोणी ऐकली नाहीत.

काकी मागून म्हणाली, "शर्ट काढ मरे."

"काय?"

"तुझो शर्ट दिसता टाकयेत. माका हयसून दिसता, तुझ्या मशिनाक कळाना?"

साहेब खो खो हसले. मी काकीचा काळा एप्रन चढवला, पडदा ओढला, आणि यंत्र सुतासारखं सरळ झालं. दहातल्या दोनच टाक्या खराब निघाल्या. त्यांच्यावर तिने सकाळीच खडूने खूण केली होती आणि यंत्राची परीक्षा व्हावी म्हणून ती पुसून ठेवली होती, हे तिने नंतर सांगितलं. "कळवतो," म्हणून साहेब गेले.

महिनाभर घरात फोन वाजला की वडील रेडिओ बंद करायचे. शेवटी फोन आला तो काकीचा.

"मशीन घेतल्यानी रे. माका त्येच्यार बसवल्यानी."

"अभिनंदन, काकी," मी म्हणालो, आणि ते खरंच मनापासून होतं. "आणि माझं?"



"बोर्डावर यादी लावल्यानी. तुझा नाव नाय, बाबा. मी दोनदा बघलंय."