उलट्या कोनाड्याचे घर

माझे गुडघे गेले तेव्हा आमच्या फिरत्या नाटक मंडळीने मला किनाशी गावात, बहिणीच्या घरी पोचवले आणि बोट पुढच्या बेटाकडे निघून गेली. जन्मभर मी बायकांच्या भूमिका केल्या. राण्या झालो, चहाच्या दुकानातल्या पोरी झालो, रडून रडून मागच्या रांगेतल्या कोळ्यांनाही रडवले. गावाने लगेच माझे नाव "नटबुवा" ठेवून टाकले. पण खरी मानी बाई कशी उभी राहते ते मला रंगमंचाने शिकवले नाही. ते कुंपणापलीकडच्या हात्सुए मानाबे यांनी दाखवले. त्यांचे घर उभे राहताना मी रोज बघत होतो, कारण मला दुसरा उद्योगच नव्हता.

किनाशीत ज्याच्या दारात कुंडीतला पाइन नाही असा माणूस सापडणार नाही. इतरत्र भाताची खाचरे असतात, आमच्याकडे पाइनची. कामाची वाटणी जुनी आहे. पाणी घालणे, तण काढणे, थंडीत जुन्या सुया उपटणे ही बायकांची कामे. फांदी कापणे आणि तार गुंडाळणे पुरुषांचे. खरी कला त्या तारेत. ती गुंडाळून फांदीला वळण द्यायचे आणि नेमक्या वेळी काढायची. लवकर काढली तर फांदी पुन्हा आपल्या वाटेने जाते. उशीर झाला की तार सालीत रुतते आणि तो व्रण झाड मरेपर्यंत मिरवते.

हात्सुएबाईंचे यजमान शिगेओ छातीच्या दुखण्याने गेले. दिवस झाल्यावर सासरे योनेझो आले. गावातले सगळ्यात जुने आणि सगळ्यात तिखट माळी. ओसरीवर बसून चहा संपवला आणि म्हणाले, "शिगेओची झाडं थोरल्याच्या खाचरात हलवू. तू तिथं येऊन पाणी घालत जा."

"झाडं इथंच राहतील, मामंजी."

"आणि तार कोण लावणार? शेजारचा नटबुवा?"

"मी लावीन."

म्हातारा हसला. मग उठून चपला घालता घालता म्हणाला, "लाव बाई. पण बाईच्या हातच्या झाडापुढे योनेझो मानाबे मान तुकवणार नाही, एवढं लक्षात ठेव."

हात्सुएबाई कुंपणापाशी आल्या. डोळे कोरडे होते. मला म्हणाल्या, "ऐकलंत ना? आता मी घर बांधते. नीट बैठकीची खोली, मानाचा कोनाडा. त्यात ते झाड."

मला कळले. आमच्याकडे नव्या घरात पाऊल टाकलेला पाहुणा यजमानाशी बोलायच्या आधी कोनाड्यासमोर गुडघे टेकतो, तळवे चटईवर ठेवतो आणि तिथे जे मांडले असेल त्याला नमस्कार करतो. तो चुकवला तर घराचाच अपमान होतो. आणि "ते झाड" म्हणजे नवरा-बायकोने तरुणपणी शोदो बेटाच्या कड्यावरून उपटून आणलेला पाइन. समुद्राच्या वाऱ्याने तो रोपटे असतानाच उजवीकडे कलला होता. शिगेओ गेले तेव्हा त्याची खालची फांदी, जी सगळ्या झाडाचा जीव, नुकतीच तारेत घातलेली होती. पुढचे सगळे बाईंनी केले. सासऱ्याने ते झाड त्यानंतर पाहिलेच नव्हते.

आमच्या कुंपणाला लागलेली त्यांची जमीन टेकडीच्या उतारावर होती, वरून समुद्र दिसे. बाईंनी आधी घराची नव्हे, झाडांची जागा आखली. काठ्या रोवल्या, त्यांना चिंध्या बांधल्या, आणि उन्हाळ्यात, थंडीत, सावली कुठवर सरकते ते बघत राहिल्या. सकाळचे ऊन कुंड्या मांडायच्या फळ्यांवर पडले पाहिजे, दुपारचे अडले पाहिजे, वारा खेळला पाहिजे, पण समुद्राची खार नको. फळ्या दक्षिणेला गेल्या, पाण्याची दगडी टाकी मध्ये आली, आणि घर मागे मागे सरकत टेकडीला टेकले.

उमेकिची मिस्त्री नकाशा बघायला आले, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "हात्सुएसान, अंगणाची सगळी चांगली जागा झाडांना. माणूस कुठं राहणार?"

"उरलेल्यात."

"उरलेल्यात मांजर राहील."

"मग मांजरासारखं बांधा. लहान, पण ऐटीत."

मिस्त्रींना हे बोलणे आवडले. त्यांनी सायप्रसचे खांब आणले आणि झाड डोंगरात जसे उभे होते तसेच घरात उभे केले. मुळाकडची बाजू खाली, उत्तरेच्या अंगाचे लाकूड उत्तरेला. आढे चढवायच्या दिवशी वर उभे राहून त्यांनी तांदळाचे गोळे उधळले, गावातल्या बायकांनी एप्रन पसरून झेलले, मी नाचून दाखवले, गुडघ्यांनी दुसऱ्या दिवशी सूड घेतला. शुभकार्याचा लाल भात सगळ्यांना पुरला. योनेझो आले नाहीत. निरोप पाठवला: घर पुरे झाले की येईन.

मग घात झाला. भिंतींच्या बांबूच्या जाळ्या विणून झाल्या होत्या, माती लिंपायची होती. बाईंना राहवेना. दोघा गड्यांकडून तो पाइन उचलून आणला, कोनाड्याच्या जागी खोक्यावर ठेवला आणि स्वतः पाहुण्याच्या जागी बसल्या.

बसल्या त्या बसल्याच. मी बाहेरून विचारले, "काय हो, कसं दिसतं?"

"या आणि बघा."

मी आत गेलो आणि त्यांच्या शेजारी बसून पाहिले. कोनाडा पश्चिमेच्या भिंतीत होता, म्हणजे त्याच्याकडे तोंड करून बसले की अंगणाचा उजेड डावीकडून येतो. आमच्याकडे बैठक अशीच बांधतात, बापजाद्यांपासून. मिस्त्रींनी विचारले नाही, बाईंनी सांगितले नाही. विचारण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटलेच नाही. पण झाड कललेले उजवीकडे. उजेड डावीकडे. वाऱ्याशी झगडून वाढलेले ते झाड उजेडाकडे पाठ करून, रुसलेल्या सुनेसारखे भिंतीकडे बघत होते. रंगमंचावर असा उभा राहिलो असतो तर आमच्या मालकाने हातातला पंखा फेकून मारला असता.

मिस्त्री आले. त्यांनाही दिसले, पण सुताराला आपली चूक उशिरा दिसते. "झाड फिरवा की. मागची बाजू पुढं करा."

"तुम्ही पाहुण्यांशी पाठमोरे बसून बोलता का, मिस्त्री?"

"मग दुसरं झाड मांडा. तुमच्याकडे काय दुष्काळ आहे?"

"नाही. हेच."

"मग काय करू? कोनाडा उचलून पूर्वेला नेऊ?"

"न्या. तिकडं कपाट आहे, ते इकडं आणा."

मिस्त्रींनी तोंडातली सिगारेट काढली. "उलटा कोनाडा? माझ्या बापानं बांधला नाही, आज्यानं बांधला नाही. देवळात बांधतात, नाइलाज असला तर. लोक म्हणतील, उमेकिची म्हातारा झाला, डावं-उजवं कळेना."

"लोक कोनाडा बघायला येतील की झाड?"

"लोक झाड बघतील हो. सुतार कोनाडा बघतील!"

यावर मला हसू आले आणि दोघेही माझ्यावर उखडले. बाईंचा आवाज मात्र चढला नाही. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्हाला कोणी म्हणेल, खांब उलटा उभा करा, मूळ वर करा, तर कराल?"

"मरेन, पण करणार नाही."

"मग माझ्या झाडालाही उलटं उभं करू नका."

बाईंनी गड्यांना खूण केली. झाड पूर्वेच्या बाजूला, कपाटाच्या सांगाड्यात नेऊन ठेवले. आता उजेड उजवीकडून येत होता. खालची फांदी त्या उजेडात अशी पुढे आली, जशी पहिल्या प्रवेशाला नायिका बाही जरा वर करून पुढे येते आणि अख्खे थिएटर गप्प होते. "बसा," बाई म्हणाल्या. मिस्त्री बसले. आधी मांडी घालून बसले. मग त्यांचे त्यांनाच कळले नसावे, पण पाय मुडपून गुडघ्यांवर आले.

मग त्यांनी एवढेच विचारले, "उदोन आहे का?" बाईंनी रश्शातल्या जाड शेवयांचा वाफाळता वाडगा आणला. मिस्त्रींनी रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, वाडगा ठेवला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवतीच्या आवाजाने मी जागा झालो. उमेकिची मिस्त्री आपल्याच हाताने आपला कोनाडा उचकटत होते. मला बघून म्हणाले, "नटबुवा, कोणी विचारलं तर सांगा, झाडानं सांगितलं. बाईनं सांगितलं म्हणू नका, माझी इज्जत राहू द्या." पुन्हा जाळ्या विणल्या, पुन्हा माती चढली, आणि ती वाळायला अख्खा उन्हाळा गेला. गावभर बोभाटा झाला. मानाबेंच्या सुनेने उलटे घर बांधले! भाजीवालीही मला थांबवून विचारी, "न्हाणीघरही उलटं आहे का हो?" हात्सुएबाई या काळात ताठ मानेने पाइनचे नवे कोंब छाटत होत्या.

नोव्हेंबरात घर पुरे झाले. योनेझो आले. थोरल्या मुलाने छोट्या ट्रकमधून आणले, अंगात काळा हाओरी, समारंभाला घालायचा झगा. मिस्त्रींना त्या दिवशी कामच नव्हते, तरी ते स्वयंपाकघरात, दाराच्या फटीपाशी उभे होते. मी त्यांच्या मागे.

योनेझो बैठकीत शिरले आणि सवयीने पश्चिमेकडे वळले. तिथे कपाटाचे दार. ते थबकले. "कोनाडा कुठाय?" मग वळून पाहिले. "हे काय? उलटा?"

"हो, मामंजी." हात्सुएबाई दारापाशी बसल्या होत्या. "झाडासाठी."

मिस्त्रींनी माझा दंड इतका दाबला की निळा पडला. म्हाताऱ्याने तोंड उघडले. ते काय बोलणार होते ते आम्हाला कधीच कळणार नाही, कारण तेवढ्यात त्यांची नजर झाडावर गेली. ते हळूहळू खाली बसले. आधी मुळांकडे पाहिले, मग खोडाकडे, मग एकेक फांदी चढत शेंड्याला पोचले, जसे झाड बघायचे असते तसे. मग पुन्हा खाली आले, त्या लांब फांदीपाशी. तिथे थांबले. मान पुढे केली. सालीवर काही शोधत होते. व्रण शोधत होते.

मग त्यांनी तळवे चटईवर ठेवले आणि कपाळ खाली टेकवले. घाईने नव्हे. देवळातही मी त्यांना इतके वाकलेले पाहिले नव्हते.

उठल्यावर मागे न बघता विचारले, "खालच्या फांदीची तार कोणी काढली?"

"मी."

"वेळेवर काढलीस." मग म्हणाले, "शिगेओनं एक उन्हाळा जास्त ठेवली असती. त्याचा हात जड होता."

स्वयंपाकघरात उमेकिची मिस्त्री चक्क डोळे पुसत होते आणि वर मलाच म्हणाले, "नाटकं करू नका."

बाईंनी खाली वाकून सासऱ्याला नमस्कार केला. उठल्या तेव्हा चेहरा लाल झाला होता, पण पाठ ताठ होती. योनेझो आता त्यांच्याकडे वळले होते.

"माझ्या त्या जुन्या पाइनची माती बदलायची आहे, मार्चात. थोरल्याला जमणार नाही, तो मुळं कापतो की मुळा कापतो तेच कळत नाही. तू ये."

"येते. पण कात्री माझी आणीन."

"आण," म्हातारा म्हणाला. "माझी बोथट झालीये. आणि आता चहा देणार आहेस की उलट्या घरात तो पाहुण्यानंच करायचा?"