नव्या तांदळाचं पाणी

शिजणाऱ्या नव्या आंबेमोहराचा वास आला की मला अजूनही घास जड जातो.

साठ-सत्तर सालांच्या दरम्यानची गोष्ट. मी पुण्याला कॉलेजात होतो. आई पावसाळ्यात गेली, आणि दिवाळीच्या सुट्टीत टाकवे गावच्या आमच्या घरातली चूल माझ्याकडे आली. आबांना, म्हणजे वडिलांना, सगळं आईच्या हातच्यासारखंच हवं असायचं. त्या दुपारी नुकत्याच भरडून आणलेल्या तांदळाला मी जुन्याइतकंच पाणी घातलं. भाताचा गिच्च गोळा झाला.

“नव्याला पानी कमी लागतं, येवढं न्हाई कळत? कालिजात शिकतूस नव्हं?” आबा म्हणाले. “ऱ्हाऊ दे ह्यो. तुझ्या आईनं निवडून ठिवलेला जुना तांदूळ टाक शिजत.”

“तो कालच संपला,” मी म्हणालो.

त्यांचा हात ताटातच थांबला. आदल्या दिवशी त्याच तांदळाच्या भाताला करपट वास आला म्हणून त्यांनी ताट बाजूला सारलं होतं, आणि उरलेला भात मी कुत्र्याला घातला होता.

“काल सांगायचं न्हाई व्हय?” ते हळू आवाजात म्हणाले.

मला तो आणखी एक टोमणाच वाटला. रागानं मी चुलीतली लाकडं मागेपुढे करत बसलो. पाठीमागे आबा तो गोळा फोडून, आमटीत कालवून, शितन् शीत संपवत होते.

त्यानंतर माझ्या हातचं ताट त्यांनी कधीच सारलं नाही. स्वयंपाकात आपला हात बसला, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो.