प्रज्ञाचा फॉर्म मी साफ भरला

मी हिरामण. सौंसरच्या बसस्टँडजवळ माह्यं ऑनलाइनचं दुकान आहे. एक कम्प्युटर, एक प्रिंटर अन् मी. जातीचा दाखला, स्कॉलरशिप, नोकरीचा अर्ज, कोणताबी फॉर्म आणा, भरून देतो. मोहगावपासून लोधीखेड्यापर्यंत लोक म्हणतात, हिरामणभाऊनं भरलेला फॉर्म वापस येत नाही. गुपित सांगू? जिथं 'आजार आहे काय', 'केस आहे काय', 'अडचण आहे काय' असं इचारलं असते, तिथं डोये मिटून 'नाही' लिहायचं. साहेबाले फॉर्म साफ पाहिजे. या एवढ्याशा अकलेवर मी अठरा वर्षं छाती फुगवून बसून राहिलो.

आमची प्रज्ञा नववीत आहे. पोट्टी हुशार, पण हातातलं काम पुरं होईन तं शपथ. पाणी प्यायले उठली का शेजारच्या कोंबड्या मोजत बसते. गणिताचा पेपर अर्धा कोरा सोडून आली. काहून वं, म्हणलं, तं म्हणे खिडकीबाहेर ट्रकवाला चाक बदलून राहिला होता. मंग मी काय करतो? ओरडतो. 'आळशी' हे तिचं घरातलं नाव मीच ठेवलं.

शाळेतल्या जयवंता मॅडमनं एक दिवस मले बोलावलं. "हिरामणभाऊ, हे आळसाचं लक्षण नाही वाटत मले. लक्ष न टिकण्याचा त्रास असते, एडीएचडी म्हणतात. नागपूरच्या डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा सौंसरले येतात, त्याइले दाखवा. नाही तं पोरगी नापास होईन, अन् सोताले दोष देईन ते येगळंच."

दाखवायले गेलो, तं डॉक्टरीणबाईनं दोन फॉर्म देले, एक शाळेचा, एक घरचा. अठरा प्रश्न, अन् प्रत्येकापुढं चार चौकोन: कधीच नाही, कधी कधी, बरेचदा, जवळजवळ नेहमी. "सहा महिन्यांत घरी जे पाहिलंत, तेच लिहा," बाई म्हणाल्या.

घ्या! हिरामणले फॉर्म भरणं शिकवून राहिल्या!

संध्याकाळी ओसरीत बसलो अन् धडाधड सुरू झालो. 'वस्तू हरवते का?' कधीच नाही. 'बसल्या जागी चुळबुळ करते का?' कधीच नाही. बायको शोभा शेतातून कापूस वेचून आली होती. तिनं खांद्यावरून पाहिलं. "अवो, खरं तं लिहा! परवाच तिसरा कंपास हरवला तिनं."

"तुले काय समजते? एकदा कागदावर चढलं का लग्नापर्यंत निघत नाही." बाप्पा, काय तो माहा थाट!

एकाच प्रश्नाशी थांबलो. 'अभ्यासाला बसल्यावर शेवटपर्यंत अभ्यास करत राहते का?' म्हणलं, हे तं तिलेच इचारू. बसल्या जागेवरून हाक मारली, "प्रज्ञे, काय करून राहिली वं?"

आतून आवाज आला, "अभ्यास करून राहिली, बाबा!"

झालं. जवळजवळ नेहमी. टिक. शोभा आत गेली तं बाईसाहेब मांजरीच्या शेपटीले रिबन बांधून राहिल्या होत्या.

पुढच्या महिन्यात बाईनं दोन्ही कागद बाजूबाजूले ठेवले. मी एकटाच आत होतो, प्रज्ञा बाहेर. "शाळेच्या फॉर्मवर जवळजवळ सगळीकडे 'बरेचदा' आहे. घरच्या फॉर्मवर एकही अडचण नाही. आणि अभ्यास नेहमी करत राहते?"

"हाव मॅडम. जवा इचारा तवा करूनच राहिली असते."

बाईले समजायले एक मिनिट लागलं. "म्हणजे त्या वेळी करते आहे, असं ती म्हणते. मी विचारलं होतं, टिकून करते का." मी नुसते दात काढले. त्या म्हणाल्या, "त्रास घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसतो का, हे मला पाहावं लागतं. तुमच्या कागदाप्रमाणे तर मुलीला काहीच नाही. अजून काही सांगायचंय?"

"नाही, मॅडम," माही सवय बोलली.

बाहेर आलो तो जसा काही मीच पास झालो. प्रज्ञा स्कूटीपाशी उभी होती. "काय म्हणल्या, बाबा?"

"काही नाही निघालं! एकदम साफ!"

मले वाटलं, पोट्टी उड्या मारीन. ती हेल्मेटचा पट्टा ओढत उभी राहिली. मंग हळूच म्हणे, "म्हणजे मी आळशीच आहो ना, बाबा? मी लय जोर लावते. तरी होत नाही."

तवा कुठं माह्या डोक्यात उजेड पडला. ही पोट्टी महिनाभर वाट पाहून राहिली होती, का कोणी तरी म्हणन, तू हे मुद्दाम नाही करत. अन् मी अठराच्या अठरा जागी तिच्या तोंडावर हात ठेवला. बह्याड माणूस! सोताच्याच कानाखाली एक द्यावी वाटली.

तसाच तिले घेऊन आत गेलो. बाई बॅग भरून राहिल्या होत्या.

"मॅडम, कोरा फॉर्म द्या. पहिल्यात चूक झाली."

"कुठली?"

"भरणारा चुकला."

बाईनं फॉर्म देला. "एका कागदावर काही ठरत नसतं. मला हिच्याशीही बोलायचंय. पण खरं लिहा."

बाकावर बसलो, बाजूले प्रज्ञा. एकेक प्रश्न तिले इचारला अन् पहिल्यांदाच उत्तर पुरं ऐकलं. वस्तू हरवते? "कंपास तीन नाही, चार हरवले. एक सांगितला नाही, तुमी ओरडता म्हणून." टिक. बोलणाऱ्याकडे लक्ष नाही, असं वाटतं? "ऐकू येते, बाबा. पण मधातच मन कुठं तरी जाते. मंग वापस येतपर्यंत तुमचं बोलणं संपलेलं असते." टिक. दुकानात जे पाच मिनिटांत होते, त्याले पाऊण घंटा लागला.

खाली 'पालकांचे म्हणणे' म्हणून चार ओळी होत्या. मी लिहिलं, 'मुलगी आळशी नाही. मीच तिले तसं म्हणत होतो.'

प्रज्ञानं वाकून ते दोनदा वाचलं. मंग म्हणे, "बाबा, हे पेननं लिहिलं ना? पेन्सिलनं तं नाही?"

"पेननं, बेटा."

"मंग द्या इकडे," म्हणली, अन् कागद सोताच नेऊन बाईच्या हातात देला.