कोयता न लावलेली वई

आमच्या चाळीच्या मागे, रेल्वेच्या भिंतीला लागून, पूर्वी नुसता कचरा पडायचा. गिरणी बंद पडल्यावर बाबांना रिकामपण सोसेना, म्हणून त्यांनी तिथे वई लावायचं मनावर घेतलं. वई म्हणजे आमच्या कोकणातलं झाडाझुडपांचं जिवंत कुंपण. चिंचपोकळीत कुंपण कशाला, इथे कोणाची गुरं शेतात शिरतायत, अशी सगळ्यांनी थट्टा केली आणि करता करता सगळेच कामाला लागले. गणपतीहून, शिमग्याहून परतताना प्रत्येक घराने गावची एक फांदी नाहीतर रोप आणायचं असं ठरलं. अडुळसा, निरगुडी, मेंदी, जास्वंद, करवंद हे सगळं शेजारच्या प्रवाशांची बोलणी खात एसटीने मुंबईला आलं.

काही पावसाळ्यांत वई कमरेएवढी झाली, आणि अशी दाट की पलीकडची भिंत दिसेना. खोकल्याला अडुळसा, सुजलेल्या गुडघ्याला निरगुडी, गणपतीला जास्वंद, सगळं दारातलंच. मुख्य म्हणजे पाखरं आली. शिंपी नावाचं एक अंगठ्याएवढं पाखरू पानं शिवून त्यात घरटं करायचं आणि सकाळी चाळ डोक्यावर घ्यायचं. आई चहा गाळताना खिडकीतून त्याच्याशी बोलायची, आमच्याशी बोलायची त्यापेक्षा गोड आवाजात.

दिवाळी उलटली की बाबा कोयता घेऊन खाली उतरायचे. आत घरटं नाही ना ते फांद्या बाजूला करून बघायचे, मग निम्मी वई छाटायचे. उरलेली पुढच्या वर्षी, म्हणजे पाखरांना आसरा राहतो. "वई वर गेली काय पायात उघडी पडता," असं दरवर्षी सांगायचे. आम्ही हो म्हणायचो आणि उरलेला फराळ संपवायला वर जायचो.

बाबांच्या शेवटच्या दुखण्यात चाळीतल्या काही जणांनी वई उपटून तिथे बाइक लावायचं काढलं. ते त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी जेवण सोडलं. म्हणूनच दहाव्याला दादरच्या समुद्राकाठी पिंड ठेवले, तेव्हा कावळा शिवेना याचं कोणालाच नवल वाटलं नाही. मुलांना सांभाळू म्हणून झालं, गावचं घर राखू म्हणून झालं. कावळे कठड्यावर बसून राहिले. शेवटी आई पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "तुमच्या वईक कोण कोयतो लावचो नाय." शब्द संपतात तोच एक कावळा खाली आला. उपटायला निघालेलेही तिथेच होते. त्यांनी माना खाली घातल्या.

वई वाचली, असंच आम्हाला सगळ्यांना वाटलं.

दिवाळी झाली, तेव्हा मी माळ्यावरून कोयता काढला. आईने तो माझ्या हातातून घेतला. मी तिला समजावलं की तुझं बोलणं उपटणाऱ्यांसाठी होतं, छाटणी तर बाबा स्वतः करायचे. तिला ते कळत होतं. पण कावळ्याने जसं ऐकलं तसंच पाळायचं, यावर ती अडून बसली, आणि अख्खी चाळ तिच्या बाजूने. गंमत बघा, बाइक लावायला निघालेले आता कोणी पान तोडलं तरी ओरडायचे. माझा संताप व्हायचा, पण आईपुढे काय चालणार.

वई वाढत गेली आणि बाबा म्हणायचे तसंच झालं. सगळा पाला वर गेला, खाली नुसती खोडं उरली. त्यांच्यामधून भिंत दिसू लागली, मग कचरा, मग मांजरं आरपार जाऊ लागली. लपायला जागा नाही म्हटल्यावर पाखरं कशाला राहतील? एका वर्षी शिंपी आला नाही. आई चहा गाळताना थांबायची, कान द्यायची आणि परत गाळायला लागायची. "आमचा काय चुकला रे?" असं तिने मला एकदा विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं, तिलाही असावं. मी म्हटलं, येतील गं.

गेल्या वर्षी आई गेली. तिच्या दहाव्याला पुन्हा तीच जागा, आणि पुन्हा कावळा शिवेना. चाळकरी माझ्या मागे लागले की सांगून टाक, वई आहे तशी ठेवीन म्हण, लगेच येईल बघ. तसं म्हटलं असतं तर कदाचित आलाही असता. पण मी हात जोडले आणि म्हटलं, "आये, मी वई छाटतलंय."

आम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबलो. कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला लावून आम्ही घरी आलो.

दिवाळीनंतर मी निम्मी वई छाटली. मदतीला कोणी उतरलं नाही, सगळे गॅलरीतून बघत होते. आता खोडांना तळापासून फुटवे आलेत, माझ्या गुडघ्याला लागतात. सकाळी आईच्या जागी उभा राहून मी चहा गाळतो आणि मध्येच थांबतो. शिंपी परत आला की आईने मला माफ केलं असं मी समजेन. अजून आलेला नाही.