कडेचा मामा

आमच्या जळकोटचा लग्नातला फोटोवाला एक डोळा मिटूनच बोलतो, जणू समोरच्याला फ्रेममध्ये बसवतोय. आपापला नवा कॅमेरा घ्यायला आम्ही दोघं नांदेडला गेलो. दुकानात शिरताच त्यानं गिऱ्हाइकं रांगेत उभी केली, दुकानदाराला कडेला. तीच लेन्स, तीच जागा, कॅमेरे दोन. मोठ्या सेन्सरच्या फुल-फ्रेममध्ये सगळे मावले, छोट्या सेन्सरच्या क्रॉपमध्ये दुकानदार अर्धा कापला गेला.

“मग मागं सरका की,” दुकानदार म्हणाला.

“लग्नघरात मागं भिंत असती, मालक. अन् कडेला मामा. मामा कटला की लई रुसतो.”

फुल-फ्रेम छातीशी धरून तो नाचायचाच बाकी राहिला. मला पाखरांचे फोटो काढायचा नाद, क्रॉपवर लांबचं पाखरू जवळ येतं. तरी त्याचं बघून माझाही हात फुल-फ्रेमकडं गेला. त्यानं तो धरला.

“सर, तुमी क्रॉपच घ्या. पाखरं रुसत न्हाईत.”