तोंडावरचा हात

बोलताना ते तोंडावर हात धरायचे, आणि नेमका त्याचाच मला संशय यायचा. फी घेऊन लोकांच्या मनातलं ऐकणारा हा समुपदेशक स्वतः काय लपवतो? कोराडीहून बसने मी त्यांच्या धरमपेठेतल्या खोलीवर जायचो. घरी मात्र दात दुखतो म्हणून सांगायचो, कारण असल्या माणसाकडे जातो तो वेडा, असंच आमच्या कॉलनीत समजत.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "इथलं इथंच राहते. फक्त तुमच्या जिवाले धोका दिसला, तर घरी सांगीन." ते 'फक्त' माझ्या डोक्यातून जाईना.

मी बोलत असलो की ते नुसतं "मंग?" म्हणायचे. "काहून?", म्हणजे का, असं कधीच नाही. नागपुरात 'काहून' न विचारणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

एकदा इतवारीत भांड्यांच्या दुकानात आम्ही समोरासमोर आलो. माझ्यासोबत बायको होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अनोळख्यासारखे निघून गेले. "काय भाऊ, कुठं चालले?" एवढंही नाही. त्यांना माझी लाज वाटली असेल, या विचाराने मी आठवडाभर धुमसत राहिलो.

"मले ओळख काहून नाही दिली?" पुढच्या भेटीत मी विचारलं.

"वहिनींनी विचारलं असतं, हे कोण? तुम्ही काय सांगितलं असतं?"

"दाताचे डॉक्टर," मी म्हणालो.

ते इतके हसले की तोंडावरचा हात बाजूला झाला. समोरचे दोन दात नव्हतेच.